मामांच्या सिगारपेटीतले आर्द्रतामापक: तपासणीच्या नोंदी

८ जून

प्रभात रोडला मामांकडे गेले होते. मामा जहाजावर चीफ इंजिनिअर होते. निवृत्त होऊन पुण्यात स्थिरावले तेव्हा सामानात सिगारांची एक लाकडी पेटीही आली. झाकणाच्या आतल्या बाजूला पितळी चौकटीतला गोल काट्याचा आर्द्रतामापक आहे. मामेबहिणीने मागच्या दिवाळीला एक छोटा डिजिटल आणून दिला. काट्याशी त्याचं जमेना, म्हणून मामांनी ऑनलाइन आणखी एक मागवला. आज पेटी उघडताक्षणी तिन्ही आकडे टिपले: काटा ६१, पहिला डिजिटल ६६, दुसरा ७१. तिन्ही एकाच पेटीत, एकमेकांपासून वीतभर अंतरावर.

मामा म्हणाले, "अगं, तू रोज भोसरीला मीटरच तपासतेस ना? मग सांग, यातला खरा कोण?"

माझं रोजचं काम प्रेशर गेजचं आहे, आर्द्रतेचं नाही. पण प्रश्न तोच आहे आणि तो मला मनापासून आवडतो. पेटी तिथेच राहू दिली, तिन्ही मापक मात्र घरी आणले.

सिगारला ६५ ते ७२ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. ६० च्या बरीच खाली गेली की वरचं पान ठिसूळ होऊन तडकतं. ७५ च्या वर काही दिवस राहिली की बुरशीची भीती. म्हणजे हातात असलेला पट्टा जेमतेम सात टक्क्यांचा, आणि या तीन मापकांतलं अंतरच दहा टक्क्यांचं. मामा काट्यावर विश्वास ठेवून पेटीत ओल राखायला ठेवलेल्या फोममध्ये आठवड्याला पाणी घालत होते. तोंडावर पावसाळा आहे.

९ जून

तिघांना नावं दिली, नोंदींत गोंधळ नको. काट्याचा तो 'काटा', मामेबहिणीने दिलेला 'डि-१', ऑनलाइन आलेला 'डि-२'. चौथा माझा: तापकीर गल्लीतून आणलेला एसएचटी३१ सेन्सर. त्याच्या माहितीपत्रकात अचूकता साधारण अधिक-उणे २ टक्के दिली आहे. त्याच दुकानात डीएचटी११ बराच स्वस्त होता, पण त्याची अचूकता अधिक-उणे ५ टक्के. सात टक्क्यांच्या पट्ट्यासाठी तो बिनकामाचा.

सेन्सर बोर्डापासून हातभर लांब वायरवर घेतला. वाय-फायवाला बोर्ड चालू असताना गरम होतो आणि त्याला चिकटून बसलेला सेन्सर हवेची नव्हे, बोर्डाच्या उबेची आर्द्रता सांगतो. याबद्दल पुढे सविस्तर लिहायचं आहे.

डि-१ आणि डि-२ मध्ये नवीन सीआर२०३२ सेल घातले.

१२ जून

मिठाची बरणी लावली.

पावसाळा लागला की डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, हे प्रत्येक घरात माहीत असतं. नेमकं तेच इथे कामाला येतं. शुद्ध सोडियम क्लोराइड साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. त्याच्या खाली ओलं मीठ पाणी सोडून देतं. म्हणून बंद बरणीत अर्धवट भिजलेलं मीठ ठेवलं तर आतली हवा ७५ च्या आसपास येऊन थांबते. हवा कोरडी असेल तर मीठ पाणी देतं, दमट असेल तर घेतं. खडे मिठाला बारीक मिठाच्या आधी पाणी सुटतं, त्याचं कारण त्यात मिसळलेलं मॅग्नेशियम क्लोराइड. ते ३३ टक्क्यांनाच पाणी ओढायला लागतं. म्हणून या कामाला खडे मीठ नको. प्रयोगशाळेच्या प्रतीचं सोडियम क्लोराइड आणलं. ते नसेल तर स्वयंपाकाचं बारीक मीठही घरगुती तपासणीला पुरेसं आहे.

वेगवेगळ्या क्षारांच्या संपृक्त (आणखी क्षार विरघळणार नाही अशा) द्रावांवरची आर्द्रता किती, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या ग्रीनस्पॅन यांनी १९७७ साली एकत्र करून प्रसिद्ध केलं. आजही सगळे तेच आकडे धरतात. मिठासाठी २० अंश सेल्सिअसला ७५.५, २५ ला ७५.३, ३० ला ७५.१. म्हणजे पुण्यातल्या घरात तापमान वरखाली झालं तरी मिठाचा आकडा जवळपास हलत नाही. मिठाची थोरवी यातच आहे.

बरणी काचेची, रुंद तोंडाची, रबरी रिंगच्या झाकणाची. तळाला वाटीत मीठ आणि थोडं पाणी. ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. वर पाण्याचा थर साचता कामा नये आणि न विरघळलेले कण डोळ्यांना दिसले पाहिजेत. मीठ पूर्ण विरघळलं तर द्राव संपृक्त राहत नाही आणि आकडा ७५ च्या वर सरकतो. वाटीवर प्लॅस्टिकची जाळी, जाळीवर मापक. मिठाचा एक थेंबही सेन्सरला लागू द्यायचा नाही. सगळी बरणी थर्माकोलच्या पेटीत, घराच्या आतल्या खोलीत, उन्हापासून आणि फ्रिजपासून लांब.

१३ जून

रात्रभर ठेवून सकाळी वाचन. बरणीत २७.४ अंश, म्हणजे अपेक्षित आकडा ७५.२.

काटा ६६. डि-१ ७३. डि-२ ७९. एसएचटी ७६.१.

झाकण न उघडता काचेतून वाचलं. काट्याचं वाचन करण्याआधी बरणीला हलकी टिचकी मारली, कारण खिळीवरच्या घर्षणाने काटा अडकून राहतो. प्रेशर गेजलाही आम्ही तेच करतो. टिचकीने काटा दीड टक्का सरकला. काट्यासमोर अगदी सरळ उभं राहून वाचायचं. तिरकं पाहिलं तर एखादा टक्का तिथेच जातो.

डिजिटल तीन-चार तासांत स्थिरावले होते. काटा मात्र रात्री अकरालाही सरकतच होता.

मामांना फोन केला. ते लगेच म्हणाले, "म्हणजे काटा नऊने कमी दाखवतो. मागे स्क्रू आहे, फिरवून टाक." मी म्हटलं, "मामा, थोडे दिवस थांबा."

१५ जून

आज फक्त तापमानावर काम केलं. या सगळ्या खटाटोपात सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट हीच आहे, असं माझं मत आहे.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत किती पाणी आहे हे नव्हे. त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावू शकते, तिच्या तुलनेत प्रत्यक्षात किती आहे, त्याचं ते प्रमाण. मावण्याची ही मर्यादा खोलीच्या तापमानाला दर अंशामागे साधारण ६ टक्क्यांनी वाढते. २७ अंशांची ७० टक्क्यांची हवा, पाणी तेवढंच ठेवून, २८ अंशांना नेली की ६६ होते. पाण्याचा एक कणही कमी झालेला नाही, तरी आकडा चारने उतरला.

हे प्रत्यक्ष बघायला एसएचटी बोर्डाला चिकटवला आणि तोच बोर्ड त्याच मिठाच्या बरणीत ठेवला. सेन्सरचं स्वतःचं तापमान बरणीपेक्षा १.२ अंश जास्त दिसलं आणि आर्द्रता ७६.१ वरून ७१.३ वर आली. वायरवर परत नेला की पुन्हा ७६. बरणी तळहातात धरून उचलली तरी काही मिनिटं आकडा डुलत राहतो.

म्हणून दोन आर्द्रतामापकांची तुलना करायची तर आधी त्यांची तापमानं एकसारखी आहेत का ते बघायचं. मामांच्या पेटीत काटा झाकणाला आहे आणि झाकणावर दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून उजेड येतो. डि-१ आणि डि-२ तळाशी सिगारांमध्ये असतात. तिथेही फरक पडत असणार.

१९ जून

दुसरा बिंदू: मॅग्नेशियम क्लोराइड. २७ अंशाच्या आसपास ३२.६ टक्के. हा क्षार हवेतूनच पाणी ओढतो, त्यामुळे बाटली उघडून वाटीत घेईपर्यंत ओलसर झाला. चमचाभर पाणी पुरलं.

काटा ४१. डि-१ ३५. डि-२ ३३. एसएचटी ३३.४.

स्क्रू फिरवण्याआधी थांबायचं होतं ते यासाठीच. ७५.२ ला काटा नऊने कमी, ३२.६ ला आठने जास्त. खरी आर्द्रता साडेबेचाळीस टक्के बदलली, काटा फक्त २५ घरं फिरला. आमच्या भाषेत झिरो नाही, स्पॅन, म्हणजे काट्याच्या फिरण्याचा पल्ला, बिघडलेला आहे. मागचा स्क्रू फक्त झिरो सरकवतो. म्हणजे सगळी तबकडी एकाच आकड्याने पुढे-मागे होते. ७५ ला बरोबर करून ठेवला असता तर ३२ च्या ठिकाणी त्याने ५० दाखवलं असतं. पेटी कोरडी पडत गेली असती आणि काटा निवांत उभा राहिला असता.

असं का होतं, तर आत धातूच्या पट्टीची गुंडाळी असते आणि तिच्या एका बाजूला ओल शोषणारा थर असतो. थर फुगला की गुंडाळी उलगडते आणि काटा फिरतो. थर जुना झाला, त्याची पकड सुटली की तो पूर्ण ताणत नाही. केसांचे आर्द्रतामापक वेगळे. ते स्वित्झर्लंडच्या सोस्यूरने १७८३ च्या सुमारास केले. माणसाचा केस पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेला की साधारण दोन-अडीच टक्के लांबतो. तसा मापक ओल्या फडक्यात गुंडाळून 'जागा' करायचा सल्ला केसांच्या मापकाला लागू आहे. गुंडाळीच्या मापकाला त्याने काही मिळत नाही आणि डिजिटलला तर नुकसानच होतं.

डि-१ आणि डि-२ यांचेही दोन टोकांना वेगळे फरक आहेत. डि-१ खाली जवळपास अडीच टक्के जास्त, वर दोन टक्के कमी. डि-२ खाली जवळपास बरोबर, वर चार जास्त. एसएचटी दोन्हीकडे पाऊण-एक टक्का जास्त, म्हणजे सरळ वजा करण्याजोगा.

२३ जून

आता ज्या आकड्याशी मामांचा खरा संबंध आहे तिथे. पोटॅशियम आयोडाइडच्या संपृक्त द्रावावर २५ अंशाला ६८.९ टक्के आर्द्रता राहते, म्हणजे सिगारच्या पट्ट्याच्या बरोबर मध्यात. मिठापेक्षा खूप महाग आहे, पण वाटीभर लागत नाही, तीन-चार चमचे पुरतात. दोन पथ्यं: उजेडात ठेवलं की ते पिवळं पडतं, म्हणून बरणी काळ्या कापडात, आणि याचा आकडा तापमानाबरोबर मिठापेक्षा जास्त सरकतो (२० अंशाला ६९.९, ३० ला ६७.९), म्हणून थर्मामीटर आत हवाच. हाताळून झाल्यावर हात स्वच्छ धुवायचे.

बरणीत २७ अंश, अपेक्षित ६८.५.

काटा ६४. डि-१ ६७. डि-२ ७२. एसएचटी ६९.४.

डि-१, डि-२ आणि एसएचटी दोन टोकांच्या मधल्या रेषेवर बसले, जसे बसायला हवे होते. याचा अर्थ आयोडाइड नसलं तरी मीठ आणि मॅग्नेशियम क्लोराइड या दोन बिंदूंवरून मधला आकडा काढता येतो. काटा मात्र रेषेच्या दोनने वर आहे.

२६ जून

काट्याचा पिच्छा पुरवला. २३ तारखेला तो खोलीच्या दमट हवेतून आयोडाइडच्या बरणीत गेला होता. या वेळी दोन दिवस मॅग्नेशियम क्लोराइडच्या कोरड्या बरणीत ठेवून मग आयोडाइडमध्ये घातला. पूर्ण एक दिवस दिला, टिचकी मारली: ५९.

खरी आर्द्रता तीच, ६८.५. दमट बाजूने आला तर ६४, कोरड्या बाजूने आला तर ५९. डिजिटलांत हा फरक एक टक्क्याच्या आत. जो मापक आपण कुठून आलो यावर आकडा ठरवतो, त्याला दुरुस्तीचा तक्ता देता येत नाही. ८ जूनला काट्याने दाखवलेल्या ६१ चा अर्थ लावायचा प्रयत्न इथे सोडला.

उरलेल्या दोघांच्या ८ जूनच्या वाचनांचा अर्थ मात्र लागतो. डि-१ चे ६६ म्हणजे साधारण ६७.३. डि-२ चे ७१ म्हणजे ६७.७. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मापक, पाच टक्क्यांचं दिसणारं भांडण, आणि दुरुस्तीनंतर अर्ध्या टक्क्यात एकमत. हे गणित जुळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

मामांची पेटी त्या दिवशी उत्तम स्थितीत होती. पाण्याची गरजच नव्हती.

३० जून

क्षारांवर अवलंबून नसलेली एक स्वतंत्र तपासणी हवी होती, म्हणून कोरडा-ओला थर्मामीटर. पारंपरिक वेधशाळेत पांढऱ्या झडपांच्या स्टीव्हन्सन पेटीत हीच जोडी असते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजूनही शिमला ऑफिस म्हणतात. ओल्या थर्मामीटरचं शास्त्र शिकायला आपण फार योग्य गावात राहतो.

दोन काचेचे थर्मामीटर आधी एकाच पाण्यात बुडवून जुळवले. एकाच्या टोकाला धुतलेल्या मलमलीचा तुकडा, त्याचं दुसरं टोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये. टेबलफॅनचा थेट झोत. हवा हलली नाही तर ओला थर्मामीटर पुरेसा गार होत नाही आणि आर्द्रता जास्त निघते.

कोरडा २८.०, ओला २४.०. २४ अंशाला संपृक्त वाफेचा दाब २९.८ हेक्टोपास्कल. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणून हवेचा दाब ९५० धरला. ०.०००६६२ (सूत्रातला स्थिरांक) गुणिले ९५० गुणिले ४ (दोन थर्मामीटरांतला फरक) म्हणजे २.५. ते २९.८ मधून वजा करून २७.३. २८ अंशाचा संपृक्त दाब ३७.८. भागाकार: ७२ टक्के.

छापील तक्ते बहुधा समुद्रसपाटीच्या दाबाचे असतात. त्यांनी इथे अर्धा टक्का कमी निघतो. एवढा चालेल. जास्त जपायची गोष्ट थर्मामीटर वाचण्याची: ओला ०.२ अंशाने चुकला की उत्तर सव्वा टक्क्याने बदलतं.

त्याच वेळी शेजारी: एसएचटी ७३.०, दुरुस्त करून ७२.१. डि-१ ७१. डि-२ ७६, दुरुस्त करून ७२.३. डि-१ चे दुरुस्त ७२.८.

पूर्ण वेगळ्या मार्गाने तोच आकडा आला. आता मला खात्री आहे.

५ जुलै

सगळं घेऊन पुन्हा प्रभात रोड. बाहेर धो धो पाऊस, खोलीत ८४ टक्के.

पेटीत सध्या दुरुस्त ७४. मापक माझ्याकडे असताना मामा सवयीने पाणी घालत राहिले होते. पेटीतला फोम फुलांच्या सजावटीचा हिरवा फोम आहे आणि त्यात साधं डिस्टिल्ड वॉटर. नुसतं पाणी कुठेच थांबत नाही, ते हवेला शंभराकडेच ढकलत राहतं. पेटीचं लाकूड त्यातलं बरंच पिऊन घेतं म्हणून इतके दिवस निभावलं. या लाकडाला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण ते ना स्पेनचं ना देवदाराच्या जातीचं. मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, आपल्याकडच्या तून वृक्षाच्या कुळातलं झाड. ते ओल शोषतं आणि सोडतं, म्हणून पेटीला निवडतात.

फोम काढला. त्याच्या जागी आर्द्रता ६५ टक्क्यांवर धरून ठेवणारी दोन पाकिटं. त्यांत क्षाराचा संपृक्त द्राव असतो आणि वेष्टनातून फक्त वाफ ये-जा करते. माझ्या बरणीचंच तत्त्व.

मामांनी विचारलं, "सगळे ७० म्हणतात, तू ६५ का?" सत्तरचा नियम साधारण २१ अंश तापमान धरून आहे. मामांच्या खोलीत आज २६.५. तंबाखूच्या किड्याची अंडी २४-२५ अंशांच्या वर उबण्याचा धोका वाढतो आणि बुरशीलाही ऊब हवीच असते. तापमान आपल्या हातात नसेल तर आर्द्रता तरी खालच्या बाजूला ठेवावी. पेटी पश्चिमेच्या खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवली.

८ जुलै

एक नोंद मापक सांभाळण्याबद्दल. एसएचटी जातीचे सेन्सर ८० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिले तर काही टक्के जास्त दाखवू लागतात. कोरड्यात आल्यावर ते हळूहळू परत येतात. पुण्याच्या जुलैत उघड्यावर टांगलेला मापक नेमका अशा हवेत असतो. म्हणून काम नसताना माझा सेन्सर बंद डब्यात, आयोडाइडवर. सेन्सर भट्टीत तापवून पूर्ववत करायची निर्मात्याने दिलेली पद्धत सुट्या सेन्सरसाठी आहे. स्क्रीन आणि सेल असलेल्या मापकाला ती लावू नये. नेलपॉलिश रिमूव्हर, ताजा व्हार्निश, डिंकाच्या ट्यूब यांच्या वाफांपासूनही लांब ठेवावा.

१२ जुलै

पेटीत दुरुस्त ६६.१, चार दिवस जवळपास स्थिर.

झाकणाच्या आत पोस्टकार्डाएवढा तक्ता चिकटवला: डि-१ ने ६४ दाखवलं तर खरं ६५, ६७ दाखवलं तर ६८.५, ७३ दाखवलं तर ७५. डि-२ चे ६८ म्हणजे ६५, ७२ म्हणजे ६८.५, ७९ म्हणजे ७५. तारीख आणि वापरलेले क्षारही लिहिले. कोणी कधी आणि कशाशी ताडून पाहिलं हे नसलेल्या तक्त्याला अर्थ नाही.

काटा काढून टाकावा असं मी सुचवलं. मामा म्हणाले, "राहू दे गं, पितळ छान आहे." राहिला. त्याच्याकडे बघून पाणी घालायचं नाही, एवढं त्यांनी कबूल केलं.

पुढची तपासणी नोव्हेंबरात, हवा कोरडी झाल्यावर. त्या वेळी मॅग्नेशियम क्लोराइड आणि मीठ दोन्ही बिंदू पुन्हा, डि-१ आणि डि-२ ला सेल नवीन, आणि मधल्या काळात दोघांच्या दुरुस्त आकड्यांत दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला तर लगेच.